आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बघू गं पुढे" म्हणाली असती आणि बाबांनी फोन दादाकडे दिला असता. म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलं आहे. दोघांनी मिळून वाचा, चहा झाल्यावर.

तिकिटं काढली आहेत. मेच्या मध्यात तुम्ही मुंबईहून थेट विमानानं माझ्याकडे म्युनिकला यायचं, आठवडाभर घरी निवांत राहायचं, आणि मग आपण तिघं रेल्वेनं निघायचं. म्युनिकहून साल्झबर्ग, तिथून व्हिएन्ना, व्हिएन्नाहून व्हेनिस आणि व्हेनिसहून परत म्युनिक. विमानाची तारीख लागलीच तर बदलता येईल. रेल्वेची तिकिटं स्वस्तातली आहेत, ती परत होत नाहीत. हे तुमच्यावर दडपण आणायला लिहीत नाही, पण खरं ते सांगितलेलं बरं.

न विचारता ठरवलं याचं बाबांना वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. पण विचारलं असतं तर आधी वहिनीचं बाळंतपण, मग आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन, मग गणपती आडवा आला असता. दर वर्षी तसंच होतं. इथे रेल्वेची स्वस्त तिकिटं ठरावीकच असतात, जो आधी घेईल त्याला मिळतात. प्रत्येक टप्प्याला माणशी तीसेक युरोच्या आसपास पडले. तीच जागा आदल्या दिवशी घेतली तर कधी दुप्पट, कधी तिपटीनं पैसे द्यावे लागतात. चार टप्पे गुणिले तीन माणसं, बाबा, हिशोब तुम्हीच करा. एफडी मोडायची नाही. हे मी एकदाच सांगते आहे. राहण्याचा खर्च माझा, खाण्याचा माझा. बाबांना अगदीच राहवलं नाही तर व्हेनिसच्या बोटीचे पैसे त्यांनी द्यावेत.

काकांनी सुचवलेली टूर मी वाईट म्हणत नाही. त्यांना ती मानवली, कारण त्यांना माणसं लागतात. पण थोड्या दिवसांत सात देश, पहाटे बॅगा दाराबाहेर आणि दिवसाचे कितीतरी तास बसमध्ये, हे आईला झेपणार नाही. बसमध्ये बसायचं म्हटलं की आई पाणी प्यायचं बंद करते. शिर्डीच्या वेळी काय झालं ते आठवा. रेल्वेत प्रत्येक डब्यात किंवा शेजारच्या डब्यात संडास असतो, फुकट असतो, आणि हवं तेव्हा उठून जाता येतं. स्टेशनवरच्या संडासाला मात्र एखादा युरो द्यावा लागतो, त्यासाठी सुटी नाणी मी आईच्या बटव्यात घालून ठेवेन. आई, तिथे पाण्याचा फवारा नसतो, नुसता कागद. तुझ्यासाठी लहान बाटली माझ्या पिशवीत कायम भरलेली असेल. त्याची काळजी करू नकोस आणि वहिनीशी कुजबुजत बसू नकोस, हे सगळ्यांनाच लागतं. काकांना मी स्वतः फोन करते, तुम्ही काही बोलू नका.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की पास का नाही काढत. इथे पास असतो. युरोपाबाहेर राहणाऱ्यांना युरेल, आणि माझ्यासारख्या इथे राहणाऱ्यांना इंटररेल. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूटही आहे. ज्यांना आज इथे, उद्या तिथे असं मनाला येईल तसं फिरायचं असतं त्यांच्यासाठी तो सोन्यासारखा. पण आपले टप्पे चारच, तारखा ठरलेल्या, आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. म्हणून सुटी तिकिटंच स्वस्त पडली. तुमच्या नोकरीतल्या रेल्वेच्या पासावर तुम्ही आम्हाला काशी आणि रामेश्वर दाखवलंत. आता हा प्रवास माझ्या तिकिटावर करा.

गाडी एकदाही बदलायची नाही, हे मी मुद्दाम पाहिलं आहे. चारही टप्पे थेट गाडीचे. साल्झबर्ग दीड तासावर, तिथून व्हिएन्ना अडीच तास. व्हेनिसला जाताना आणि येताना मात्र दिवस गाडीतच जाईल, पण खिडकीच्या जागा आहेत आणि मध्ये टेबल आहे. जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात असं बाबा सगळ्यांना सांगतात. बाबा, तसं आता राहिलेलं नाही. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे उशीर धरतच नाहीत. म्हणूनच गाडी बदलण्याची भानगड ठेवली नाही. तासाभराच्या वर उशीर झाला तर तिकिटाचे पाव पैसे परत मिळतात, दोन तासांच्या वर निम्मे.

आता जे सांगण्यासाठी मी चार रात्री नकाशे घेऊन बसले होते ते. व्हिएन्ना सोडल्यावर पुढे सेमरिंगचा घाट लागतो. बाबा, हा तुमच्या बोरघाटाचा थोरला भाऊ. आपला घाट १८६३ मध्ये सुरू झाला, हा १८५४ मध्ये. ग्लॉग्निट्स ते म्युर्झत्सुशलाग असा ४१ किलोमीटरचा मार्ग, १४ बोगदे, १६ मोठे कमानीपूल, त्यातले काही दुमजली. चढही साधारण आपल्या घाटासारखाच. काम सुरू झालं तेव्हा एवढा चढ ओढणारं इंजिनच कुणाकडे नव्हतं! रूळ आधी आखले आणि इंजिनांची स्पर्धा १८५१ मध्ये घेतली. ती जिंकली 'बव्हारिया' नावाच्या इंजिनानं, आणि ते बनलं होतं आमच्या म्युनिकमध्ये, माफाय यांच्या कारखान्यात. हा मार्ग आखणारा इंजिनियर कार्ल फॉन गेगा जन्मला व्हेनिसमध्ये. म्हणजे आपण ज्या गावाला चाललो आहोत त्या गावच्या माणसानं बांधलेल्या घाटातून चाललो आहोत. १९९८ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं.

कर्जतला मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागेपर्यंत तुम्ही मला प्लॅटफॉर्मवर धरून उभे राहायचात, आणि लागल्याचा धक्का बसला की "आता ढकलतोय बघ" म्हणायचात. घाटात बोगदे मोजायचे आणि चुकले की लोणावळ्याला चिक्की नाही, असा तुमचा नियम. चिक्की नेहमी मिळायचीच. या घाटात मला तुमच्या शेजारी बसायचं आहे. मोजायचं काम या वेळी तुमचं.

आणि याच वर्षी का, तर त्या घाटाखालून २७ किलोमीटरच्या नव्या बोगद्याचं काम चालू आहे. तो २०३० च्या सुमाराला सुरू झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या खालून जातील, वरून नाही. हे एक कारण. दुसरं कारण आईचा गुडघा. डॉक्टर म्हणाले की अजून दोन-तीन वर्षं तरी ऑपरेशनची घाई नको, म्हणजे ही दोन-तीन वर्षं आपल्या हातात चांगली आहेत. मी एवढंच म्हणते. बाबांच्या स्टेंटनंतरचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, हृदयाच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आहे, दादानं विचारून घेतलं. मी घाबरून हे ठरवलेलं नाही, तुम्ही दोघं धडधाकट आहात म्हणून ठरवलं आहे.

आई, आता तुझं. तिन्ही गावांत मी हॉटेल घेतलेलं नाही, स्वयंपाकघर असलेल्या लहान खोल्या घेतल्या आहेत. ते स्वस्तही पडतं. लिफ्ट आहे याची खात्री करून घेतली आहे. पहाटे साडेपाचला तुला तुझा आल्याचा चहा मिळेल, पातेलं आणि गाळणं मी घरूनच नेणार आहे. वरणभात रोज होईल. पोळ्या दोन दिवसांच्या करून नेईन, नंतर पाहू. तुझ्या संकष्टीला बटाटा आणि दही कुठेही मिळतं. इथे आणि ऑस्ट्रियात रविवारी वाण्याची दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवू. पाणी नळाचं प्यायचं, विकत घ्यायचं नाही. व्हिएन्नाचं पाणी तर आल्प्सच्या झऱ्यांमधून नळानं येतं, १८७३ पासून. आणि एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू दचकणार नाहीस. इथे लोक कुत्र्याला घेऊन रेल्वेत बसतात. ती पायाशी झोपून राहतात, अंगावर येत नाहीत. तुला मी आतल्या बाजूला बसवेन.

पाहायचं फार ठेवलेलं नाही. साल्झबर्गला मिराबेलची बाग, ती फुकट. किल्ल्यावर चढायचं नाही, दोरानं ओढली जाणारी गाडी आहे. संगीतकार मोझार्ट जन्मला ते घर बाजारपेठेतच आहे, बाहेरून पाहू. व्हिएन्नात शोनब्रुनच्या राजवाड्याची बाग फुकट आहे, आत जायचं की नाही ते बाबांच्या पायांवर ठरवू. रिंग रस्त्यावर ट्रामनं जायचं, खिडकीशी बसायचं आणि राजवाडे, ऑपेरा, संसद सगळं बसल्या जागी पाहायचं. व्हेनिसला राहायचं मात्र मेस्त्रेला, खाडीच्या अलीकडे. तिथे खोल्या पुष्कळ स्वस्त, आणि रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर पाणीच. व्हेनिसात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, म्हणून आपण चालायचं नाही. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून टोकापर्यंत जाते. एका फेरीला साडेनऊ युरो आहेत, महाग आहे, पण तिथे मी हात आखडणार नाही. परतताना ब्रेनरची खिंड, १३७१ मीटर उंचीवर. तिथेही खालून ५५ किलोमीटरचा बोगदा खणताहेत. बाबांना सगळं नकाशावर दाखवेन.

आता तुमची कामं.

व्हिसासाठी अर्ज जर्मनीचा, कारण सगळ्यात जास्त दिवस इथेच राहणार. फी माणशी ९० युरो. हमीपत्र मी इथल्या कचेरीतून काढून कुरियरनं पाठवते. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्या फॉर्मात बाबांनी स्टेंट लपवायचा नाही. "काही होत नाही" लिहायचं नाही, काय झालं आणि कधी, ते तारखेसह लिहायचं. गोळ्या मुक्काम अधिक पंधरा दिवसांच्या, मूळ पाकिटांत, हातातल्या पिशवीत. डॉक्टरांकडून औषधांची शास्त्रीय नावं असलेली चिठ्ठी टाइप करून घ्या, इथल्या दुकानात आपल्या कंपनीचं नाव कळत नाही.

प्रत्येकी एकच बॅग, चाकांची, बाबांना न उचलता ओढता येईल एवढी. स्टेशनवर हमाल नसतात. बाबांनी माझी बॅग उचलायला धावायचं नाही. आई, पेढे, तूप, खवा, चक्का काही आणू नकोस, दुधाचं काही इथे आणू देत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ताही नाही, आंबेही नाहीत. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आण, ते चालतं. तुझी वाळवणं एप्रिलात उरक, अर्धी वहिनीला करू दे, तिला येतात. बूट आत्ताच घे आणि रोज घालून चाल, नवे बूट इथे येऊन घातलेस तर फोड येतील. सकाळी तळ्यापर्यंत जाऊन यायचं, दोघांनी. आई, देवपूजेनंतर, आधी नाही, आणि "आज राहू दे" नाही. मेमध्ये इथे सकाळ-संध्याकाळ आपल्या पौषासारखी गार असते, तेव्हा बाबांचा तो तपकिरी स्वेटर घ्या. काळा नको, त्याला कोपरावर भोक आहे.

व्हिसाच्या केंद्रात जाण्याची वेळ फेब्रुवारीतली मिळाली आहे, पुण्यातच. दादा रजा घेऊन येतो आहे. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान या आठवड्यात दादाकडून पाठवून द्या. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पाठीवर, चष्मा काढून. दुकानदाराला माप सांगा, तो नेहमीचे देईल ते घेऊ नका. आणि बाबा, आईची जन्मतारीख पासपोर्टावर आहे तीच लिहा, शाळेच्या दाखल्यावरची नाही.

तुमची,
चिमी