शेवटच्या नळापर्यंत आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमच्या पाणीपुरवठा कार्यालयात येऊन हे बोलायचं मनात होतं. पण तुमच्या टेबलापुढे कायम कुणीतरी तक्रार घेऊन उभं असतं, आणि आभाराचे दोन शब्द ऐकून घ्यायच्या आतच तुम्ही त्यांच्याकडे वळाल. म्हणून जाहीरच लिहिते. चार लोकांनी वाचावं असंच हे आहे.

टंचाई आली की पाण्याबद्दल सगळे एकच विचारतात: किती? धरणात किती उरलं, टँकर किती येणार, नळ किती दिवसांनी सुटणार. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हाही दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर हेच आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. त्यात नवल काही नाही. घशाला कोरड पडली की माणूस आधी हंडा भरला का ते बघतो. पण हंड्यात आलेलं पाणी कसं आहे, हे विचारणारं माणूस अशा दिवसांत विरळाच.

आमची गल्ली जलवाहिनीच्या अगदी टोकाला. नळाला पाणी सुटायची पाळी लांबली तसं सुरुवातीचं पाणी गढूळ येऊ लागलं, त्याला वास मारू लागला. घरोघरी मुलांना जुलाब. आम्ही तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, "टाकीवर क्लोरीन बरोबर आहे." पुन्हा गेलो तर, "पाणी येतंय ना? मग झालं तर." हे वाक्य मला आजही टोचतं. तहानलेल्यांनी वर पुन्हा चांगलं पाणी मागायचं म्हणजे जणू आमची चैनच! टाकीवर क्लोरीन बरोबर असेलही, पण पाणी आम्ही टाकीवर जाऊन पीत नाही.

मग तुम्ही आलात. नेमक्या पाणी सुटायच्या वेळेला, आणि थेट शेवटच्या नळावर. समोरच्या आजींनी घागर लावली होती. तुम्ही वाकून म्हणालात, "आजी, हे पहिलं पाणी बादलीत काढा, संडासाला होईल. वाया नका घालवू. प्यायचं मी सांगेन तेव्हा भरा." तुम्ही ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग दाखवणाऱ्या तपासणीची, काचेची नळी भरलीत, औषधाचे थेंब टाकलेत. रंग आला नाही. तुम्ही थांबलात. पुन्हा नळी भरली, तरी नाही. तिथेच उभ्या उभ्या फोन करून कुठला तरी व्हॉल्व उघडायला सांगितलात आणि परत थांबलात. शेवटी पिवळा रंग उतरला, तेव्हा सोबतच्या माणसाला नोंद सांगायच्या आधी तुम्ही ती नळी आजींच्या हातात दिलीत. "दिसतो का पिवळा? आता भरा."

मॅडम, मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते या एका गोष्टीचे. इतके दिवस आम्हाला नुसतं सांगितलं जात होतं की पाणी चांगलं आहे. तुम्ही ते दाखवलंत. तेही गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, जिचं म्हणणं कुठल्याच खिडकीवर कुणी ऐकून घेतलं नसतं. आजींनी ती नळी उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली, आणि तुम्ही घाई केली नाहीत.

त्याच वेळी तुम्ही आम्हाला कारणही सांगितलंत. वाहिनी कोरडी पडली की आतला दाब जातो आणि जिथे जिथे गळती असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून दर पाळीला पहिला लोट सगळ्यात वाईट. धरणाचा तळ दिसू लागला की पाण्यात गाळ वाढतो, आणि तो गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. जागतिक आरोग्य संघटना नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं म्हणते ते यासाठीच: टाकीपासून घरापर्यंतच्या वाटेत जे काही मिसळेल त्याचा बंदोबस्त तेवढ्या शिल्लकीने व्हायचा असतो. प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी व्हायला एक दिवस तरी जातो, आणि तोवर पाणी पोटात गेलेलं असतं. तुमच्या नळीतला रंग मिनिटभरात कळतो. एवढी सोपी गोष्ट आधी कुणाला का सुचली नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही, पण ज्यांना विचारायला हवा त्यांनी तो वाचावा.

पाण्यात क्लोरीनसाठी टाकतात त्या टीसीएल पावडरची उघडी, दमट पोती तुम्ही बाजूला काढायला लावलीत, हे नंतर कानावर आलं. ओल आणि उष्णतेने पावडरचा जोर जातो, मग ती कितीही टाका. आणि ज्या दिवशी पाणी धड नव्हतं त्या दिवशी तुम्ही गाडी फिरवून "आज उकळूनच प्या" असं स्पष्ट सांगायला लावलंत. वाईट बातमी स्वतःहून सांगणारा अधिकारी आम्ही फारसा पाहिलेला नाही. लोक चिडतील म्हणून गप्प बसणं किती सोपं होतं! पण त्या दिवशी कुणी चिडलं नाही. खरं सांगितलं की माणसं उकळूनही पितात आणि वाटही बघतात. रात्री-अपरात्री चावी घेऊन फिरणाऱ्या तुमच्या व्हॉल्वमनदादांनाही हे पत्र तितकंच आहे. त्यांना शिव्या घालणारे खूप, चहा विचारणारा एखादाच.

गल्लीतल्या ज्या मुलींना तुम्ही टेस्ट करायला शिकवलीत, त्या दर पाळीला वहीत नोंद करतात. वही तुमच्याकडे पाठवते आहे. मागच्या पाळीला रंग फारच फिका होता, आणि कोपऱ्यावरच्या व्हॉल्वच्या खड्ड्यात नळाला पाणी सुटलेलं नसतानाही ओल दिसते. गटार तिथून हातभरावर आहे. तेवढं लवकर बघून घ्याल ना?

आपली,
शेवटच्या गल्लीतली एक रहिवासी