काकाजी, वाडीतल्या बांबूसाठी आपले जाहीर आभार

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

आमच्या वाडीच्या मागच्या धुऱ्यावर आज मानवेल बांबूची 31 बेटे उभी आहेत आणि त्यांतले एकही रोप मी विकत आणलेले नाही. आपण शेजारच्याच गावात राहता, त्यामुळे हे तोंडी सांगता आले असते. पण आभाराचा शब्द निघाला की आपण विषय धानाच्या रोवणीकडे वळवता, म्हणून हे जाहीर पत्र.

सुरुवात माझ्या हट्टापासून झाली. सात वर्षांपूर्वी कुमाऊंच्या डोंगरात बांजाच्या, म्हणजे तिथल्या ओकच्या झाडांच्या, सावलीत वाढलेला रिंगाल हा बारीक डोंगरी बांबू पाहिला, त्याच्या बारीक काड्यांच्या टोपल्या पाहिल्या आणि मोहाने दोन रोपे चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणली. हिवाळाभर ती टवटवीत होती. एप्रिलमध्ये पाने सुरळीसारखी वळू लागली, तेव्हा मी दिवसातून तीनदा पाणी घालू लागलो. आपण सुपे द्यायला आला होता, पान चिमटीत धरून आपण म्हणालात, "याले पाणी नाही, थंडी पाहिजे बापा. ते कुठून आणशीन?" मे महिन्यात दोन्ही रोपे गेली आणि उपटून पाहिले तर माझ्याच पाण्याने मुळेही कुजलेली होती.

डोंगरातलाच बांबू हवा असेल तर आपल्या डोंगरातला लाव, असे आपण सांगितले. मुरमाड उतारावर वाढणारा, कडक उन्हाळ्यात पाने गाळून तग धरणारा, कोरड्या जागी जवळजवळ भरीव होणारा मानवेल मी लहानपणापासून पाहत होतो, पण तो वाडीत लावण्याचा विचार मला कधी शिवला नव्हता.

मी नाल्याकाठच्या जुन्या बेटातून कंद खणायला निघालो, तेव्हा आपण अडवलेत आणि त्या बेटाचे वय विचारलेत. मला ते ठाऊक नव्हते. कंदापासून केलेले रोप दिसायला नवे असले तरी त्याचे वय आईचेच असते, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. मानवेल साधारणपणे 25 ते 45 वर्षांनी फुलतो आणि बी धरून वाळतो. त्यामुळे फुलोऱ्याला आलेल्या बेटाचा कंद लावला तर आपले रोपही आईबरोबर फुलून मरण्याची शक्यता असते. असे एखादे बेट फुललेले दिसले की लोक हळहळतात. आपण मात्र आपल्या नातलगाच्या धुऱ्यावरच्या फुललेल्या बेटाखालून मूठभर बी वेचून आणलेत आणि ताजे आहे तोवरच पेर, महिने गेले की त्याची उगवण कमी होत जाते, असे बजावलेत. रात्रभर भिजवून आंब्याच्या विरळ सावलीत वाफ्यावर टाकलेल्या त्या बियांपैकी 14 उगवल्या. पहिले काही महिने ते गवतच वाटत होते आणि आमच्या आईने ते निंदून टाकता टाकता वाचवले.

पुढच्या पावसाळ्यात रोपे फोडण्याची, म्हणजे एका रोपाचे फुटवे वेगळे करून अनेक रोपे करण्याची वेळ आली. मी घाईने सहा रोपांचे वीसेक तुकडे केले आणि दोन आठवड्यांत सगळे वाळले. त्यांना पाने होती, थोडी मुळेही होती. जिथून नवा कोंब फुटतो तो कंदावरचा जिवंत डोळा मात्र बहुतेकांना नव्हता. आपण रागावला नाहीत. उरलेली आठ रोपे मांडीशी घेऊन, माती झटकून, प्रत्येक फुटव्याला मुळे, कंदाचा तुकडा आणि डोळा येईल अशा बेताने आपण धारदार चाकूने ती वेगळी केलीत आणि पिशव्यांत भरून सावलीत ठेवायला लावलीत. आज उभी असलेली बेटे त्या आठ रोपांचीच आहेत.

याबद्दल आपण काही घेतले नाहीत. मीच एकदा आपल्याला सांगितले होते की 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमात झाड म्हणून धरला जात नाही; बांबू नेण्यासाठी लागणाऱ्या वनखात्याच्या पासाची आयुष्यभर धास्ती बाळगलेले आपण त्यावर नुसते हसलात.

यंदा तीन वर्षे जुन्या काठ्या प्रथमच कापण्याजोग्या झाल्या आहेत. पावसाळ्यात हात लावायचा नाही आणि बाहेरचे कोवळे कोंब राखून आतली पक्की काठीच काढायची, हे लक्षात आहे. तरीही कोवळी आणि पक्की काठी मला अजून खात्रीने ओळखता येत नाही. दिवाळीनंतर आपण येऊन खडूने खुणा करून द्याव्यात, आणि पहिल्या 10 काठ्या आपल्या सुपांसाठी न्याव्यात, ही विनंती.

आपला,
वाडीवाला