आधी आईला बसवा, मग बॉनेट उघडा

ती. बाबा आणि आई,

सा. न.

पोह्यांच्या डब्याखाली ही पानं सापडतील तोवर कोल्हापूरहून निघालेली माझी कोयना एक्स्प्रेस मिरज सोडून पुढं गेली असेल. काल रात्री नवी गाडी कोणती घ्यायची हा विषय निघाला आणि तिघांच्याही भाकऱ्या ताटात निवल्या. म्हणून म्हटलं, तोंडानं नको, लिहूनच ठेवावं. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तूही ऐक. यातलं निम्मं तुझ्याबद्दल आहे आणि काल तू एक शब्द बोलली नाहीस.

शनिवारी हायवेवरच्या त्या शोरूममध्ये तुम्ही पोराला "बॉनेट उघड" म्हणालात, तेव्हा त्याला लिव्हरच सापडेना. आतून दुसरा आला तेव्हा उघडलं. तुम्ही विचारलं, "सिलिंडर किती?" तो म्हणाला, "काका, सनरूफ आहे, नुसतं बोललं तरी उघडतं." खाली बघितलं तर इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. उद्यमनगरात आयुष्यभर कास्टिंगवर मारलीत तशी टिचकी तुम्ही त्यावर मारलीत, बद्द आवाज आला आणि तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत. मला हसू आलं खरं. पण आवाजावरून ओतकामातली चीर ओळखणाऱ्या माणसानं आणखी काय करायचं?

तुमचं म्हणणं एवढंच की इंजिन दगा देणारं नको, आणि दगा न देणारं म्हणजे डिझेल. आपल्या स्विफ्टनं ते पंधरा वर्षं सिद्ध केलंय, त्यावर माझं दुमत नाही. दोन लाख दहा हजार किलोमीटर झाले, हेड एकदाही उघडलं नाही. ते १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. तेच व्हिस्टाच्या पोटात, तेच पुंटोच्या. निम्मा देश त्याच्यावर पळत होता. पण ते इंजिन आता मिळत नाही, बाबा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. आज तुम्ही डिझेल घ्याल ते वेगळ्याच जातीचं असेल.

वेगळं म्हणजे काय ते तुमच्या भाषेत सांगते. आता धुराड्यात एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात. काजळी त्यात अडकते. ती साचली की गाडी जादा डिझेल सोडून जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. भट्टी तापायला वेळ लागतो हे मी तुम्हाला काय सांगायचं! गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगानं पळाली तरच हे नीट होतं. अर्धवट राहिलं की काजळी साचत जाते, आणि जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग ऑइल पातळ.

आता तुमचा आठवडा बघा. पूर्वी रोज कागल एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, सगळा हायवे. इंजिन रोज खणखणीत तापायचं, म्हणून टिकलं. तुम्ही श्रेय इंजिनाला देता, मी निम्मं त्या रस्त्याला देते. आज गाडी कुठं जाते? मंडई, महाद्वार रोड, आईचा फिजिओथेरपीवाला, संध्याकाळी रंकाळा. तीन किलोमीटर जायचं, बंद करायची, पुन्हा तीन. समोरच्या काकांच्या नव्या डिझेलचा पिवळा दिवा गणपतीपासून लागतोय आणि ते दर पंधरवड्याला नुसतीच गाडी पळवायला किणीच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन येतात. तुम्हीच हसला होता त्यांना.

तेव्हा पेट्रोल. इथवर काल तुम्ही मनातून आला होतात, फक्त हो म्हणाला नाहीत.

टर्बोचं, म्हणजे चक्कीनं हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाचं, थोडक्यात. ते एक लिटरचं इंजिन चढाला मस्त ओढतं, मी पुण्यात मैत्रिणीचं चालवते. पण त्यातली चक्की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिला वाचवणारी गोष्ट एकच, वेळेवर बदललेलं स्वच्छ ऑइल. तुम्ही डिपस्टिक ओढून बोटांवर चोळता आणि "अजून काळं कुठं झालंय" म्हणून तीन महिने ढकलता. जुन्या गाडीनं ते चालवून घेतलं. त्यामुळं टर्बो वाईट नाही, पण तुमच्या सवयीला ते नको. साधं पेट्रोल, टर्बोशिवायचं, इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेच्या, बाजूनं फवारा मारणारं. पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच आत जातं, त्यामुळं व्हॉल्व्ह आपोआप धुऊन निघतात. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन धरतो.

"तीन सिलिंडर म्हणजे रिक्षा" हे मात्र मागं घ्या. मारुती ८०० तीनच सिलिंडरची होती आणि १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक ठिणगी पडते, तीनमध्ये २४० ला, म्हणून उभ्या गाडीत थरथर जाणवते. थरथरीचा आणि आयुष्याचा संबंध नाही. उलट घासणारे भाग एका सिलिंडरनं कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं बरं. आता खुद्द नव्या स्विफ्टमध्येही २०२४ पासून तीनच सिलिंडर आहेत. तुमच्या स्विफ्टमध्ये!

तुमच्या मित्राची २०१८ ची पेट्रोल गाडी स्वस्तात मिळतेय, ते मी विसरले नाही. ती नको म्हणण्याचं कारण आपल्याच शेताच्या बांधावर आहे. गडहिंग्लजचे काका कारखान्याला ऊस घालतात, त्यातून इथेनॉल होतं आणि ते पंपावर तुमच्याच टाकीत येतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते धरूनच एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबराचे आणि धातूचे भाग केलेत, २०१८ च्या नाहीत. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळं जुन्या गाडीचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात होतं. वर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या गाड्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस उभ्या असतात. उसाचं बिल वेळेवर निघावं म्हणून इथेनॉल पाहिजे, हे काकांचं मला पटतं. पण मग गाडीही ते पचवणारी घ्या. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुनी आणि नवी यातलं अंतर तुम्ही समजता तेवढं राहिलेलं नाही.

आता खरा पेच. याच्यावरच काल आवाज चढले.

तुम्हाला वॅगनआर पटलीय, १२०० वाली. इंजिनाच्या बाजूनं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. चार सिलिंडर, टर्बो नाही, मऊ चालतं, आणि आपल्या गल्लीतला मेस्त्रीही डोळे झाकून उघडेल. बसायलाही उत्तम. आई शेजारच्या वहिनींच्या वॅगनआरमध्ये बसते तेव्हा म्हणते, "ओट्यावर बसल्यागत वाटतंय." खाली वाकायचं नाही, वर चढायचं नाही. खिडक्या मोठ्या. लोक डबा म्हणतात, म्हणू देत. माणूस उभा-आडवा मापून केलेला डबा आहे तो.

पण ग्लोबल एनसीएपीच्या २०२३ च्या धडक चाचणीत तिला मोठ्या माणसांसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला, आणि सांगाडा डळमळीत ठरला. त्यानंतर सहा एअरबॅग आल्यात हे मला माहीत आहे. एअरबॅग छातीला सांभाळतात, सांगाडा त्यांनी घट्ट होत नाही. चिरलेल्या कास्टिंगवर रंग मारून पाठवलं असतंत का तुम्ही? गाडी गावातच फिरते म्हणाल, पण वर्षातून चार वेळा तुम्ही माझ्याकडं पुण्याला येता, उसाच्या आणि कंटेनरच्या मधून. तेवढ्या चार वेळांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

टाटा पंचचं उलटं. २०२१ साली पाच तारे. तीन सिलिंडर, त्यामुळं सिग्नलला थरथरेल, आणि तुम्ही पहिला महिना रोज मला फोन करून ते सांगाल. इंजिन साधंच, तेही टर्बोशिवायचं मिळतं. दारं पूर्ण ९० अंशात उघडतात, म्हणजे आईला आधी बसून मग दोन्ही पाय उचलून आत घेता येतात, जसं फिजिओथेरपीवाल्यानं शिकवलंय. खोट एक आहे आणि ती कुणी सांगितली नाही. मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या कडेला वर लपवलंय, दिसायला झ्याक. आईचा उजवा खांदा आखडलाय. हात तिथवर जातो का, ते ज्यानं काढलं त्यानं विचारलं नसेल, आपण विचारू. आई पुढं बसणार नाही हे गृहीत धरते. पुढं बसलं की तुमचं ओव्हरटेक बघवत नाही म्हणून ती गेली दहा वर्षं मागं बसते, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल असं वाटतं.

त्या शोरूममध्ये तिला कुणी विचारलंच नाही, बाबा. तुम्ही बॉनेटमध्ये, मी मोबाइलमध्ये. ती एकटी त्या उंच एसयूव्हीत वरच्या मुठीला लोंबकळून चढली, दोन मिनिटं बसली आणि उतरताना म्हणाली, "खिडकी लई वर हाय, भाईरचं काय दिसत न्हाई." आपण दोघांनी ऐकलं आणि सोडून दिलं. हल्लीच्या गाड्यांची खिडकीची रेष मागं चढत जाते, ती धावल्यासारखी दिसावी म्हणून. मागं बसणाऱ्याला उरतो पत्रा. गगनबावड्याचा घाट उतरून मावशीकडं जाताना ही बाई अख्खा रस्ता बाहेर बघत बोलते. तिला काळ्या पत्र्याकडं तोंड करून बसवायचं का?

आणि तुमचा गुडघा. रंकाळ्याच्या सिग्नलला क्लच सोडला की तुम्ही डाव्या हातानं चोळता, आणि मी बघतेय कळलं की हात गिअरवर ठेवता. एएमटी घ्या. तुम्हाला वाटतं तसं त्यात काही जादूचं नाही. गिअरबॉक्स तोच, क्लच तोच, फक्त तो दाबायला तुमच्या पायाऐवजी एक यंत्र. गिअर बदलताना जरा झुलते. तेव्हा पाय किंचित उचलायचा, आठवड्यात सवय होते. एकच पथ्य, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक लावायचा, नाहीतर क्लच जळतो. "गाडी आपण चालवायची, गाडीनं आपल्याला नव्हं" हे वाक्य तुम्ही काल दोनदा म्हणालात. त्यावर आईनं माझ्याकडं बघितलं ते तुम्ही बघितलं नाहीत.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्याच, हजार-दोन हजारांकडं बघू नका. २०१९ ला शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा तुम्ही ओरडत होता, "चावी फिरवू नको!" आणि पलीकडच्या पोरानं फिरवलीच. सिलिंडरात पाणी गेलं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो. साधा विमा अशा वेळी हात वर करतो. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की आपली गाडी मावशीच्या भाच्याकडं राजारामपुरीत, हा नियम तसाच ठेवू.

माझं मत पंचकडं झुकतंय, लपवत नाही. पण शेवटचं मत आईच्या खांद्याचं. रविवारी दोन्ही शोरूममध्ये जा. बॉनेट नंतर. आधी आईला मागचं दार स्वतः उघडू द्या, बसू द्या, उतरू द्या, हे तीन वेळा. तिसऱ्या वेळी ती कुठं धरते ते बघा. एसीची बटणं चष्म्याशिवाय लावून बघा. स्क्रीनमध्ये शिरावं लागत असेल तर मनात एक फुली. मग चक्कर. ते लोक तुम्हाला सर्व्हिस रोडवर दोन किलोमीटर फिरवून आणतील, ऐकू नका. जोतिबाच्या चढावर न्या, तिघं बसून, एसी लावून, आणि मध्येच थांबवून पुन्हा उचला. तिथं इंजिन तुमच्याशी बोलेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

एक्स्चेंजला त्यांनी सांगितलेली पहिली किंमत मान्य करू नका. आरसीची पंधरा वर्षं भरत आली म्हणून ते घाबरवतील. उद्यमनगरात तुमची गाडी कशी ठेवलीय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आधी विचारा.

येतो. बघ आई, कोल्हापुरात तीन दिवसांत "येते"चं पुन्हा आपल्या बायकांचं "येतो" झालं, पुण्यात गेल्यावर सगळे हसतील.

जुन्या गाडीची चावी टीव्हीखालच्या खणात आहे. पहाटे कूलंट बघितलं, कमी होतं. बाटलीतलं घातलंय, नळाचं नाही.

तुमची लेक