साहेबांनी आधी प्रेस शॉपमध्ये यावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत फलक लागले, कामगारांनी शपथ घेतली. मी भोसरीत ३१ वर्षं टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे, बनवल्या. तपासणीला आलेले साहेब, म्हणजे सरकारी कारखाना निरीक्षक, कुठे किती वेळ थांबतात, हे इतकी वर्षं बघितलं म्हणून हे पत्र.

साहेब आले की आधी ऑफिसात बसायचे. मस्टर, ओव्हरटाइमचं रजिस्टर, रजांच्या नोंदी. मग पिण्याचं पाणी, संडास, फर्स्ट एडची पेटी. हेही बघायलाच हवं. पण त्यात दुपार सरायची आणि प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागाच्या, वाट्याला दहा मिनिटं उरायची. तेवढ्या वेळात जुन्या प्रेस बंद असायच्या.

बोटं जातात ती तिथेच. लातूरकडचा एक पोरगा कंत्राटावर आलेला, कामाचा अकरावा दिवस. जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, हाताने डायमध्ये ठेवायचा, पायाने पॅडल मारायचं. रात्रपाळीत जॉब काढायला हात आत गेला आणि प्रेसने डबल मारला, म्हणजे पॅडल न मारताच दुसरा ठोका दिला. दोन बोटं गेली. डायची कड तुटली होती, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन पुसून माझ्याच टेबलावर आली. मी ती दुरुस्त केली आणि दुपारी ती परत त्याच प्रेसवर चढली. ते आजही मला सलतं.

जुनी की-क्लचची प्रेस एकदा सुटली की मधे थांबत नाही, स्ट्रोक पुरा करते. तिच्यापुढे सेन्सर लावला तरी हात वाचत नाही. कागदावर मात्र 'सेन्सर आहे' अशी खूण पडते. तिला हात आत जाणारच नाही असं पक्कं गार्ड हवं, नाहीतर क्लचच बदलायला हवा. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांची बटणं असलेल्या प्रेसवर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी पाहिलंय, कारण तासाचा आकडा गाठायचा असतो. हे रजिस्टरात सापडत नाही, मशीन चालू असताना दिसतं.

निरीक्षक थोडे आणि कारखाने अफाट, हे मान्य. डोंबिवलीत २०१६ ला आणि पुन्हा २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष रासायनिक कारखान्यांकडे गेलं, ते योग्यच. प्रेसवर मात्र एकेकाचं बोट जातं, त्याची बातमी होत नाही. तपासणीला कुठे जायचं हे संगणकाच्या सोडतीने ठरवलं तर वशिला टळतो, पण धोका काही सगळ्या गाळ्यांत सारखा नसतो.

खरं तर धोक्याच्या कारखान्यांची यादी तयारच आहे. कायमच्या अपंगत्वाचे पैसे दरमहा ज्यांना मिळतात, त्यांची नोंद ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ती मागवून घ्यावी आणि जिथे दोनदा बोटं गेली तिथे पहिली भेट द्यावी. अपघाताच्याच दिवशी ईएसआयसीत नाव चढलेला, म्हणजे तोवर नोंदच न केलेला, कामगार दिसला, तर त्या कारखान्यात त्याहून आधी जावं. न कळवता, रात्रपाळीत. गेल्यावर मस्टर मागण्याआधी प्रेस चालू करायला सांगावी, आणि ऑपरेटरला सुपरवायझरपासून बाजूला घेऊन विचारावं, हे गार्ड कधीपासून काढून ठेवलंय?

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, भोसरी