अनारसे आणू नकोस, आई

दुबई, ता. २१ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

या दिवाळीलाही मला चिपळूणला येता येणार नाही. हे फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. येथील पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो; पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा गाइडला रजा मागताच मिळते, पण दिवाळीत ती मागणे म्हणजे भर लगीनसराईत आचाऱ्याने सुट्टी मागण्यासारखे आहे. गेल्या वर्षी हेच सांगितले तेव्हा तू नुसते ‘बरं’ म्हणालीस, आई, आणि ते ‘बरं’ अजून माझ्या कानांतून गेलेले नाही.

म्हणून तुम्हाला न विचारता मी १२ जानेवारीची तुमची तिकिटे काढली आहेत. पासपोर्टच्या प्रती दादाने पाठवल्या. त्याला रागावू नका, गळ मीच घातली होती. बाबा, खर्चाचा हिशेब मांडायला बसू नका. ज्या गावात मी रोज परक्या माणसांना हिंडवते, ते माझ्या माणसांनी पाहिलेले नाही, हे मला दोन वर्षे सलत आहे. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले आहे. जानेवारीत अँजिओप्लास्टीला सात महिने होतील आणि तीन-सव्वातीन तासांच्या विमानप्रवासाला त्यांची हरकत नाही.

वाळवंटातली सफारी मात्र मी यादीतून काढून टाकली आहे. टायरांतली हवा कमी करून त्या गाड्या वाळूच्या टेकड्यांवरून अशा उधळतात की धडधाकट माणसाचाही जीव घशाशी येतो. आपण त्याऐवजी डांबरी रस्त्याने अल कुद्राच्या तळ्यांकडे जाऊ आणि वाळूत चटई टाकून घरचे पोहे खाऊ.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासून आपला रायगड जेवढा, जवळजवळ तेवढा. येथे १२४व्या मजल्यावर लिफ्ट साधारण मिनिटभरात पोहोचते, पायऱ्या चढायच्या नाहीत. बाबा, रायगडावर महादरवाजापासून तुम्ही मला पाठुंगळी घेतले होते आणि लागलेली धाप आईपासून लपवली होती. पाठीवर असल्यामुळे मला ती कळत होती.

पण खरे सांगायचे तर पाहुण्यांना काचेचे मनोरे दाखवून झाले की माझे मन खाडीवरच रमते. बर दुबईहून देराला जाणारी लाकडी होडी, तिला येथे अब्रा म्हणतात, ती अजून एका दिरहमात पलीकडे नेते. मधल्या बाकावर दोन्हीकडे पाय सोडून पाठीला पाठ लावून बसायचे आणि नाणे नावाड्याच्या तळहातावर ठेवायचे. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते: १९६६ पर्यंत येथील व्यवहार रुपयांतच होत, आणि १९५९ पासून तर आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. जवळच अल फहिदीची जुनी वस्ती आहे. तेथील घरांवरचे चौकोनी मनोरे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. माजघरात उकडते म्हणून सदैव कुरकुरणाऱ्या आईला मी त्याखाली उभी करणार आहे.

माझ्या खोलीची काळजी करू नका. इमारतीला लिफ्ट आहे, कमोड आहे, नळाला गरम पाणी आहे, आणि तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सारे खालच्याच दुकानात मिळते. तुम्ही पलंगावर झोपायचे आहे, मी खाली; यावर वाद नको. विमानतळावर आईच्या गुडघ्यांसाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली आहे. लोक काय म्हणतील हा विचार न करता तिने तीत बसावे, तेथे चालणे फार पडते.

बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटांतच ठेवाव्यात, पुड्या बांधू नयेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. गुडघ्यांच्या गोळ्यांची नावे मला आधी कळवा, कारण वेदना शमवणारी काही औषधे येथे परवानगीवाचून आणता येत नाहीत. आणि आई, खसखशीला येथे सक्त बंदी आहे, चिमूटभरसुद्धा चालत नाही. दिवाळीचे राहिले म्हणून तू अनारसे करून डब्याच्या तळाशी लपवून आणशील हे मला ठाऊक आहे. कृपा करून आणू नकोस. तुमच्या येण्याच्या तीन दिवस आधी मी येथेच तांदूळ भिजत घालून ठेवीन आणि खसखशीऐवजी तीळ लावू. गुळाचे प्रमाण तेवढे कळव, गेल्या खेपेला माझे अनारसे तुपात विरघळले होते.

तुमची,
धाकटी