सईला, यादी परत पाठवताना

प्रतापनगर, नागपूर
९ नोव्हेंबर, रविवार रात्र

प्रिय सई,

काल रविनगर चौकात तुझी ट्रॅव्हल्स सुटली तेव्हा तू आईला हात केलास, माझ्याकडे पाहिलं नाहीस. सकाळी पोह्यांना हात लावला नव्हतास. तर्री तशीच थंड झाली. आई आज दिवसभर तेच घेऊन बसली आहे, पोरगी न खाता गेली. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे.

तुझं टेबल आवरताना आईला मास्टर्ससाठीच्या परदेशी विद्यापीठांची तुझी यादी सापडली. नऊ नावं. त्यातल्या नेदरलँड्सच्या डेल्फ्टवर आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टवर पेन्सिलीने रेघ. स्टुटगार्टच्या बाजूला बारीक अक्षरात १५०० गुणिले ४, आणि त्याखाली सहा लाख. तो कागद घेऊन मी बराच वेळ गॅलरीत बसलो होतो. या पत्रात पैशाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय, पण एवढं विचारतो. ती रेघ तू आमच्याकडे पाहून मारलीस का?

राहू दे. कामाचं लिहितो.

जर्मनीसाठी एपीएसचं, म्हणजे आपली कागदपत्रं तपासून खरी असल्याचं, प्रमाणपत्र सगळ्यात आधी. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या मुलांना ते लागतंच. फी १८,००० रुपये आहे आणि हातात यायला वेळ लागतो. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटा आणि डिग्री सर्टिफिकेट स्कॅन करून ठेव. मूळ प्रती इथे कपाटात आहेत, आजीच्या शालीखाली. जे अर्ज युनि-असिस्टमधून, म्हणजे तिथल्या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेतून, जातात त्यांना पहिल्याचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० पडतात. म्हणून नुसती भर म्हणून नावं लिहू नकोस. तुझ्या यादीतली शेवटची दोन नावं मला तशी वाटली. त्यांचा अभ्यासक्रम मी ऑफिसात बसून वाचला, शब्दकोश घेऊन. पर्यावरणाचं सगळं थोडं थोडं आहे, पण भूजलावर काहीच नाही. तू यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराईडच्या विहिरींवर प्रोजेक्ट केलास. दीड महिना बाटल्या घेऊन एसटीने फिरलीस, त्या गावातल्या पोरांचे पिवळे पडलेले दात पाहून दोन दिवस जेवली नव्हतीस. मग अशा ठिकाणी कशाला अर्ज? फी नाही म्हणून?

आणि स्टुटगार्टला तर जलसंपत्तीचा इंग्रजीतून मास्टर्स आहे. दूषित भूजल शुद्ध करण्याचे प्रयोग करायला त्यांच्याकडे मोठी वेगळी प्रयोगशाळा आहे. हे मला तूच दिवाळीत सांगितलं होतंस, फराळाचं ताट हातात धरून, वीस मिनिटं. त्याच नावावर रेघ?

स्टुटगार्ट ज्यात येतं ते बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, हे मला समजलं. पण ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी आधीच खात्यात भरून ठेवायचे, ११,९०४ युरो तर जर्मनीत कुठेही गेलीस तरी दाखवावे लागणारच. तो पैसा कुठे जातही नाही, दरमहा ९९२ तुझ्याच हातात येतात. खरा फरक फक्त त्या सहा लाखांचा आहे. डेल्फ्टचं मला कळतं. तिथे एका वर्षाचीच फी वीस हजार युरोंच्या वर जाते. आकडा वाचून माझ्याही पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. ती रेघ राहू दे, किंवा स्कॉलरशिप मिळते का बघ. स्टुटगार्टची मात्र मला पटत नाही.

पोह्यांच्या वेळी मी उमरेड रोडच्या प्लॉटचं काढलं आणि तू उठून गेलीस. "बाबा, तुम्ही कायले हे करून राहिले, तो आईचा आहे," म्हणालीस. बरोबर आहे, आईचा आहे. पण विकायचं आधी आई म्हणाली, मी नाही. दादाच्या वेळेस आपण जसे गप्प बसलो तसं यावेळी बसायचं नाही, हेही तीच म्हणाली.

मी मे महिन्यात रिटायर होतोय, हे तुझ्या डोक्यात आहे ना? मला वाटलंच.

सत्याऐंशी साली डिप्लोमा झाल्यावर मला अमरावतीला डिग्रीला जायचं होतं. फॉर्म आणला होता. तुझ्या आजोबांनी नको म्हटलं नाही, त्यांनी तर वामनकाकाकडून पैसे आणायचं ठरवलं होतं. एका संध्याकाळी ते सायकलची चेन दोऱ्याने बांधताना दिसले आणि मी तो फॉर्म फाडला. घरी सांगितलं, तारीख निघून गेली. ते गेले तोवर त्यांना हेच माहीत होतं. अनुरेखक म्हणून माझं काही वाईट झालं नाही. गोसीखुर्द धरणाचे नकाशे या हाताने काढले, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्याशी मी खोटं बोललो, ते अजून जात नाही.

तू सात वर्षांची असताना तुला पवनीहून धरणावर नेलं होतं, आठवतं? तू दारं मोजत होतीस. बत्तीस आली. मी म्हटलं तेहतीस आहेत, तर ऐकेनास. भर उन्हात परत पहिल्यापासून मोजायला लावलंस. तेहतीस झाली तेव्हा म्हणालीस, एक दार आधी लपलं होतं. धरणावरचा चौकीदार अजून ते विचारतो.

बरं, जर्मन सोडू नकोस. शिकवणी इंग्रजीत असली तरी भाजी, डॉक्टर, घरमालक सगळे जर्मनमध्ये. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाला अर्ज कर, तिथे खोली मिळणं कठीण. तिथे शिकणाऱ्या मुलींना लिहून विचार, रँकिंगवर जाऊ नकोस. रात्रीचं जागरण कमी कर. नुसत्या मॅगीवर राहू नकोस, थंडीत तुझा खोकला किती दिवस टिकतो ते मला माहीत आहे... परत भाषण झालं. माफ कर बेटा. चोवीस वर्षांची आहेस, यवतमाळ एकटी फिरून आलीस, हे मला कळतं. कुंदा आत्याला मी तुझं सांगताना आई म्हणते, हळू बोला, शेजारी ऐकतात.

शुक्रवारी शैक्षणिक कर्जाचं विचारायला बँकेत जाऊन आलो. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, वर गेलं की मागतात. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. जर्मनीत शिकून झाल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष राहता येतं, तेही त्या साहेबांना सांगितलं. घर तारण ठेवायला मी आणि आई दोघंही तयार आहोत. यात भीती वाटत नाही असं नाही. रात्री दोनला जाग येते. पण ती भीती माझी आहे, सई, ती तुझ्या यादीत यायला नको.

तुला स्टुटगार्ट खरंच नको असेल, अभ्यासक्रम आवडला नसेल, शहर आवडलं नसेल, तर तसं सांग. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त खरं कारण सांग.

यादी सोबत पाठवतो आहे. रेघा आहेत तशाच आहेत, मी रबर लावलेलं नाही. आईने डब्यात सांडगे आणि जवसाची चटणी दिली आहे, चटणी आधी संपव. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता बँकेत बोलावलंय. त्याआधी फोन कर. मी आवाज चढवणार नाही.

तुझा,
बाबा