डाळिंबाला बोर्डो मारा, पण आधी चुना तपासा

महोदय,

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरणाऱ्यांच्या डाळिंब बागा सध्या ताणावर, म्हणजे पाणी तोडून ठेवलेल्या, आहेत. झाडावर ना फूल ना फळ, त्यामुळे या दिवसांतली फवारणी हमखास पुढे ढकलली जाते. मग फळावर तेलकट डाग दिसले की दुकानदार देईल ती तीन-चार औषधं एकाच टाकीत कालवून मारायची धावपळ सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. हे डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाचे जिवाणू आत्ता काडीवरच्या खाचांत, फांद्यांच्या चट्ट्यांत आणि झाडाखालच्या पाल्यात बसलेले आहेत. बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण. त्यातलं ताम्र झाडात भिनत नाही, ते सालीवर आणि पानावर थर धरतं. पडलेला डाग त्यानं बरा होत नाही, नवी लागण अडते. म्हणून त्याची खरी वेळ हीच.

फवारणीआधी छाटणी. रोगट काडी चट्ट्याच्या खाली दोन इंच निरोगी भागात कापावी आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. छाटलेल्या काड्या आणि गळलेला पाला बांधावर टाकू नये. गोळा करून जाळावा. जमिनीवर हेक्टरी २५ किलो ब्लीचिंग पावडर १००० लिटर पाण्यातून फवारावी. कापांना आणि खोडाला दोन फुटांपर्यंत १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. या पेस्टनं खोडकिडा मरत नाही. खोडावर टाचणीएवढी छिद्रं आणि बारीक भुसा दिसला तर त्याचा उपाय वेगळा करावा लागतो.

आता बोर्डो. १०० लिटर १ टक्का मिश्रणाला मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो. मोरचूद कापडात बांधून प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात वरच्या वर टांगावा, रात्रीत विरघळतो. चुना दुसऱ्या पिंपात थोडं थोडं पाणी घालून आधी फोडावा, मग ५० लिटर करून वस्त्रगाळ करावा. लोखंडी पिंप किंवा बादली चालत नाही, ताम्र लोखंडावर बसतं. चुना फोडताना उसळतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. चुन्याची निवळी पूर्ण थंड होऊ द्यावी. गरम असताना मिसळली तर कण जाड होतात, तळाशी बसतात आणि नोझल तुंबतो. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत काठीनं सतत ढवळावं. रंग आकाशी यायला हवा.

सगळ्यात जास्त चुका चुन्यात होतात. उघड्या पोत्यातला जुना चुना हवेनं मेलेला असतो. तो वजनाला किलो भरला तरी मोरचूद शमवत नाही, मोकळं ताम्र उरतं आणि कोवळी फूट करपते. म्हणून वजनावर विसंबू नये. घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळा मिश्रणात मिनिटभर धरावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी निवळी घालावी, थर येईनासा होईपर्यंत. चुना फार झाला तर ताम्र हळू सुटतं, म्हणून तिथेच थांबावं.

मिश्रण त्याच दिवशी संपवावं. दुसऱ्या दिवशी ते थर धरत नाही. त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळू नये. दव वाळल्यावर, कोरड्या उन्हात फवारणी करावी. ढगाळ, दमट हवेत थर लवकर वाळत नाही आणि पान भाजतं. कळी निघाल्यावर प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आणावं. काम झालं की पंप स्वच्छ पाण्यानं धुवावा.

 

बोर्डो काही नवीन नाही. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात द्राक्षाच्या केवडा रोगावर १८८५ च्या सुमारास त्याचा वापर सुरू झाला, तेव्हापासून ते टिकून आहे. आपल्याकडे मात्र तयार पाकिटाच्या ओढीनं ते बनवायची सवयच सुटत चालली आहे, आणि याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

एकट्या शेतकऱ्यानं कितीही नेटानं केलं तरी शेजारची सोडून दिलेली रोगट बाग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तेल्या देतच राहते. आमची विनंती आहे की तालुका कृषी कार्यालयांनी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मदतीनं छाटणीच्या हंगामात गावोगाव बोर्डो बनवण्याची प्रात्यक्षिकं घ्यावीत, खिळ्याची चाचणी शेतकऱ्याच्या हातानं करून घ्यावी. ग्रामपंचायतींनी पडीक बागा काढून टाकण्यासाठी मालकांशी बोलावं. आणि आपल्या दैनिकानं दर नोव्हेंबरात ही कृती ठळक छापावी.

आपले,
डाळिंब बागायतदार, सांगोला (जि. सोलापूर)